काहीच न घडणारे सिनेमे

सिनेमात व्हायोलिन सुरू झालं की वाघमारे बाई रिमोट उचलून आवाज बंद करायच्या. पडद्यावर नटी हुंदके देत राहायची आणि खोलीत नुसती पंख्याची घरघर. "आता बघा," बाई म्हणायच्या, "दुःख तिचं हाय का वाजवणाऱ्याचं?" वाजवणाऱ्याचं निघालं, तर तो सिनेमा तिथंच संपायचा. "हे मला रडवायलंय. रडायचं का न्हाई ते माझं मी ठरवीन."

बाई सेलूच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच राहायच्या. कशावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. टरबूज कापून दाखवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. कोणी स्तुती केली तर विचारायच्या, "काय काम काढलंत?" आम्ही दोघंही किशनरावांचे भाडेकरू. किशनराव कापसाचे आडते. बाई वरच्या खोलीत, मी खाली.

रविवारी दुपारी बाईंकडे चार-दोन माणसं यायची. पडदे ओढले जायचे, दार लागायचं. सिनेमा संपल्यावर ती माणसं जिना उतरायची ती अगदी गप्प. हे गप्प उतरणं किशनरावांना खटकायला लागलं. बायको गेल्यापासून ते ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवून असत.

"सर, वर कायतरी शिजायलंय," ते मला म्हणाले. "सिनेमा बगून मान्सं अशी उतरतेत व्हय? तुमी जाऊन बगा बरं. वाकडंतिकडं असलं तर खोली खाली करून घेतो."

संशय मलाही होताच. गेलो. बाईंनी दारातच मला न्याहाळलं. "किशनरावांनी धाडलं ना? बसा. पण मधी उठू नका."

सिनेमात एक म्हातारा होता. त्याची बायको दवाखान्यात. तो रोज दोन ताटं काढायचा, घटकाभर वाट बघायचा, मग एक परत ठेवायचा. भांडण नाही, गाणं नाही. शेवटी शेवटी एके संध्याकाळी त्यानं एकच ताट काढलं. माझ्या तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

"काहीच होत नाही हो सिनेमात," मी किशनरावांना सांगितलं.

त्यांचा संशय दुप्पट झाला. "काहीच न्हाई? मंग मान्सं बसतेत कशाला? तुमाला बी फितवलं त्यांनी."

पुढच्या रविवारी ते स्वतः जिना चढले. खोली सोडायला सांगायचं, हे ठरवूनच. बाईंनी तोच सिनेमा पुन्हा लावला. मला वाटलं, मुद्दाम केलं. हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "गेल्या रविवारी तुमी बघितलाच न्हाई, सर. नुसते बसला होतात."

"ह्यात हिरो कोण?" किशनरावांनी दरडावून विचारलं. बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग ते हाताची घडी घालून पडद्याकडे असे बघत राहिले, जणू कापसाच्या गाठीत कुणी दगड घातलेत. म्हाताऱ्यानं एकच ताट काढलं, तेव्हा त्यांच्या हाताची घडी सुटली. ते उठले आणि जिना उतरून गेले. बाईंचं बिऱ्हाड आता हललंच, असं आम्ही धरून चाललो.

सकाळी ते बाईंच्या दारात उभे होते. मी पेपर द्यायला वर गेलो होतो.

"बाई, ती म्हातारी गेली, हे त्यांनी कुटं सांगितलं?"

"न्हाई सांगितलं."

"मंग मला कसं कळलं?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस खरंच विचारतोय का, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग बाजूला सरकून म्हणाल्या, "आत या. चहा टाकते."

खोली खाली करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा डोळे फारच अधू झाले, म्हणून मुलगी बाईंना आपल्याकडे घेऊन गेली. निरोपाचं कोणी काही बोलू नये, अशी त्यांची ताकीद होती. "मला खरं वाटणार न्हाई." स्टेशनवर आम्ही नुसते उभे राहिलो. गाडी हलली, तेव्हा किशनराव फलाटावरच्या टपालपेटीकडे बघत होते.

वरची खोली अजून रिकामीच आहे. बघायला बरेच जण येतात. किशनराव ओसरीवरूनच त्यांना सांगतात की छत गळतंय, पावसाळ्यात हाल होतील. मी खालीच राहतो. छत गळत नाही.