दर्यानं खाल्लेलं गाव आणि गिरणेचं पाणी

टेम्पो दारात उभा होता आणि आई उंबऱ्यावर बसून दर्याची ओटी भरत होती. घराच्या पायरीला पाणी लागलं की आमच्या गावच्या बायका त्याला हळदकुंकू लावून नारळ द्यायच्या, पाहुणीला देतात तसा. बा वैतागला. "ऊठ गो! भरती आली तर टेम्पो रुतेल." सुक्या बोंबलांच्या गोण्यांवर बसून आम्ही निघालो. मागं वळून बघायला आईनं मला बजावून मनाई केली होती. स्वतः मात्र ती वळणापर्यंत बघत राहिली.

गाववाल्यांनो, तुम्ही कुठं कुठं पांगलात, ठाऊक नाही. आपल्या गावाचा इतिहास कुणी लिहिला नाही, आणि लिहायचं तरी काय? दर्या पुढं आला, आपण मागं सरकलो. आधी खालची आळी गेली, मग देऊळ, मग विहीर खारट झाली. दरवेळी म्हातारे म्हणायचे, आता नाय येत तो पुढं. डोंबल! मागं सरकायला जागाच उरली नाही, तेव्हा आपण उठलो.

भडगावला आलो, कारण सुकट विकायला बा दरवर्षी खानदेशातले बाजार फिरायचा आणि इथं ओळख होती. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्यासोबत गिरणा नदीवर गेले. कोरडं पात्र, नुसती वाळू. बा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ओहोटी लईच लांबली की!" आणि खरंच पाणी यायची वाट बघत बसला. शेजारचे नाना त्याला घरी घेऊन आले. धरणातून आवर्तन सोडतात तेव्हाच इथं पाणी येतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा बा हसला नाही. नळासारखी सोडायची नदी त्याला कशी पटावी?

एकदाच तो गावी जाऊन आला. आपल्या घराच्या जागी होड्या नांगरलेल्या होत्या म्हणे. आला तो जेवला नाही. "मला मेल्यावर तिकडं नेऊ नका. गावच नाय, तर कोणाकडं?" एवढंच बोलला.

यंदा उन्हाळ्यात बा गेला. किनाऱ्यावरच राहिलेल्या काकाचा फोन आला, अस्थी इकडं आणा, दर्यात सोडू. आई कात्रीत सापडली. नवऱ्याचा शब्द मोडवेना, आणि जन्मभर दर्यावर जगलेल्या माणसाला वाळूत ठेववेना. दहावा आम्ही टँकरच्या पाण्यावर केला, अस्थी दारच्या लिंबाला बांधून ठेवल्या. आई त्या झाडाखालून हलेना. जेव म्हटलं की म्हणायची, "त्याला कुठं ठेवू, ते आधी सांग." मला बाचाच राग यायचा. जाताना एवढं कोडं घालून जातं का कुणी?

शेवटी नाना येऊन तिच्यासमोर बसले. "वहिनी, काबर चिंता करस? गिरणा तापीले मियस, तापी समुद्रले. बठ्ठं पानी तठेच जास. भाऊना शब्द बी ऱ्हाई, नि तो जाई बी."

सगळं पाणी दर्यालाच जातं, आईनं स्वतःशी म्हटलं. मग मला म्हणाली, "आवर्तन कधी सुटतं, विचारून ये."

वाट बघावी लागली. पाणी आलं ते आधी गढूळ, काटक्या-कचरा घेऊन. आई म्हणाली, थांबू. निवळल्यावर ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि अस्थींचं गाडगं आडवं केलं. अस्थी दिसेनाशा झाल्यावरही पाण्याच्या दिशेनं बघत उभी राहिली. मग बाहेर येऊन तिनं पदर पिळला.

"चल गो, घरी जाऊ."

इतकी वर्षं भडगावच्या जागेला आई नुसतं 'खोली' म्हणायची. बा गेला तेव्हा मी रडले नव्हते. तिथं, काठावर, हमसून हमसून रडले.