बाईंनी सिनेमा सोडला नव्हता

त्यांचा भाचा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी बहारीनच्या हमद टाउनमधल्या त्याच्या घरी पोचले, तेव्हा तो दारातच सांगायला लागला की मावशी आता देवाधर्माच्या मार्गाला लागलेली आहे, तेव्हा जुन्या गोष्टी काढू नका, फोटो मागू नका. मी म्हटलं, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मला त्यांच्या खुब्याशी काम आहे. तो हसला. मी ऐकलंच नाही असं धरून त्याने तेच पुन्हा सांगितलं.

त्या कैरोला स्वतःच्या घरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नवरा नाही, मूलबाळ नाही, म्हणून भाचा त्यांना बहारीनला घेऊन आला. मी मनामाच्या हूरा भागातल्या एका क्लिनिकमध्ये काम करते आणि घरी जाऊन व्यायाम घ्यायच्या केसेस माझ्याकडे असतात. मूळची मी चिपळूणची. इथे इतकी वर्षं झाली की अरबी कानावर पडून पडून तोंडातही आली आहे. त्यांचं इजिप्तचं बोलणं वेगळं, पण आमचं जमलं. मी त्यांना मदाम म्हणायची. त्या मला 'या बिंती' म्हणायच्या, म्हणजे अगं मुली. माझी स्वतःची मुलगी दहावीत आहे, पण त्यांनी मुली म्हटलं की मला बरं वाटायचं.

त्या कोण होत्या ते मला एका दुपारी कळलं. मी पाय उचलायला लावत होते आणि समोर टीव्हीवर जुना, काळापांढरा सिनेमा लागला. कोर्टात एक तरुण वकील बाई उभी होती. कमरेवर हात, मान ताठ, आणि न्यायाधीशाला ती असं काही सुनावत होती की माझा हात थांबला. मी मदामकडे बघितलं. तेच डोळे. त्या म्हणाल्या, "तिची चप्पल बघ. एक नंबर लहान होती. दिवसभर पायाला चावत होती, म्हणून चेहरा इतका रागीट आलाय." आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात भाचा आत आला, रिमोट उचलला आणि चॅनेल बदललं. मुलं आहेत घरात, म्हणाला. कोर्टात बोलणाऱ्या बाईला बघून मुलांचं काय बिघडणार होतं, हे मी विचारलं नाही.  मदाम पाय पुन्हा उचलायला लागल्या.

त्या रात्री मी फोनवर तो सिनेमा शोधून काढला. मुलगी खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "आई, दॅट्स युवर पेशंट? शी इज सो कूल." आमच्या घरात मराठीला इंग्रजीत उत्तर मिळतं, त्याला आता मी सरावले आहे. पण तिने आपणहून शेजारी बसून सिनेमा शेवटपर्यंत बघितला, याचं मला अप्रूप वाटलं.

मग व्यायामाच्या वेळेत त्या थोडं थोडं सांगत गेल्या. वडील कापसाच्या गिरणीत कारकून, गाव नाईलच्या मुखाकडचं. शाळेच्या गॅदरिंगमधला त्यांचा फोटो एका मासिकात छापून आला आणि एक निर्माता घरी येऊन थडकला. त्याने आधी त्यांचं नाव बदललं. वडिलांनी वर्षभर अबोला धरला आणि मग पहिल्या खेळाला गुपचूप जाऊन बसले. पुढे मदामनी धोबीण केली, डॉक्टर केली, दारुड्याची बायको केली, ती वकीलही केली. दमास्कसपासून ट्युनिसपर्यंत लोक रस्त्यात थांबवायचे. मग एका दिग्दर्शकाशी लग्न. लग्नानंतर तो म्हणाला, दुसऱ्याच्या सिनेमात काम करायचं नाही. त्यांनी नाही केलं. आणि त्याने मात्र आपल्या पुढच्या तिन्ही सिनेमांत दुसरी नायिका घेतली.

तलाक झाला तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. काम मागायला गेल्या, तर ज्या नटाबरोबर त्यांनी पडद्यावर प्रेम केलं होतं, त्याच्याच आईचं काम हातात आलं. तो त्यांच्याहून वयाने मोठा होता. हे सांगताना त्या हसत होत्या. मला हसू येईना.

मला विचारायचं होतं ते त्या कायम डोक्याला बांधायच्या त्या रुमालाचं. भाचा म्हणे, त्यांनी तौबा केली, पापाची माफी मागून सिनेमा टाकला. एक दिवस त्यांनीच विषय काढला. त्यांना कॅन्सर झाला होता. औषधांनी केस गेले. हॉस्पिटलमधून बाहेर पडताना डोक्याला रुमाल होता आणि कुणीतरी फोटो काढला. पेपरात आलं, अमुक अभिनेत्रीने हिजाब स्वीकारला, सिनेमाला रामराम. आजार सांगायची सोय नव्हती. आजारी बाईला कोण काम देणार? म्हणून त्या गप्प राहिल्या. केस परत आले तोवर लोकांनी त्यांचं कौतुक करून करून त्यांना पार कोंडून टाकलं होतं. निर्माते म्हणाले, तुम्ही आता पवित्र झालात, तुम्हाला कसं विचारायचं?

"मग रुमाल काढायचा ना," मी म्हटलं.

"काढला असता तर म्हणाले असते, धर्म सोडला," त्या म्हणाल्या. "या बिंती, मी नमाज लहानपणापासून पढते. सिनेमात होते तेव्हाही पढत होते. ते कुणी छापलं नाही."

घरी येताना गाडीत, मला न्यायला आलेल्या नवऱ्याशी मी एक अक्षर बोलले नाही. हमद टाउनच्या त्या एकामागून एक येणाऱ्या राउंडअबाउटना तो वैतागला होता. त्याला वाटलं मी त्याच्यावर रागावले आहे.

मग मनामातल्या एका हॉटेलात त्यांचा सत्कार ठरला. भाच्याने ठरवला. मदामची एकच अट होती, स्टेजवर चालत जायचं. आम्ही त्यासाठी मरमर केली. पाय मागे घ्यायचे, छाती पुढे झुकवायची, हातांवर जोर देऊन उठायचं, मग वॉकर. त्या घामाघूम व्हायच्या, शिव्या घालायच्या, आणि पुन्हा उठायच्या. शेवटी शेवटी तर वॉकर नुसता टेकवून चालायला लागल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी त्यांच्या मदतीला गेले, तर भाच्याने व्हीलचेअर आणलेली. वॉकर घरी ठेवला होता. वेळ कमी आहे, म्हणाला, आणि व्हीलचेअर बघून लोकांना भरून येतं. हे त्याने माझ्या तोंडावर सांगितलं. मी त्याला म्हटलं, मी क्लिनिकतर्फे सांगते, त्यांना चालता येतं. तो म्हणाला, इंशाल्ला, पुढच्या वेळी.

दिवे मंद झाले आणि त्यांच्या कारकिर्दीची फिल्म सुरू झाली. सगळी दृश्यं आईच्या कामांची. डोक्यावरून पदर घेतलेली आई, रडणारी आई, मुलाला आशीर्वाद देणारी आई. वकील नव्हती, धोबीण नव्हती. तरुणपणाची एक फ्रेम नव्हती. मी खुर्चीमागे उभी होते. मदामनी मान वळवून मला हळूच विचारलं, "मला कुठे ठेवलंय यांनी?"

मग निवेदकाने त्यांच्या पुढ्यात माइक धरला आणि म्हणाला, झगमगाट सोडून सन्मार्गाला येताना काय वाटलं, ते आजच्या मुलींना सांगा.

त्यांनी पाय मागे घेतले, छाती पुढे झुकवली आणि उठल्या. मी हात लावला नाही. एका हाताने खुर्ची धरून त्यांनी दुसऱ्या हातात माइक घेतला.

"मी सिनेमा सोडला नाही," त्या म्हणाल्या. "मी आजारी होते. मला बोलवायचं बंद केलं तुम्ही लोकांनी."

पुढे त्या बोलणारच होत्या. भाचा हसत हसत आला, मावशी दमली आहे म्हणाला, आणि त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! कशाला वाजवल्या ते त्यांचं त्यांना माहीत. मला भाचा इथल्या अरबांना येते तेवढ्या हिंदीत म्हणाला, इन्हें ले चलो.

मी मराठीतच बोलले असते, इतकं डोकं तापलं होतं. पण त्याला कळावं म्हणून अरबीत म्हटलं, "त्यांचं बोलून झालेलं नाही."

त्याने मला बाजूला सारून स्वतः खुर्ची ढकलली. दुसऱ्या दिवशी फोनवर जो व्हिडिओ फिरला, त्यात त्या उठून उभ्या राहतात आणि टाळ्या वाजतात. मधलं वाक्य नाही.

आठवड्याभरात क्लिनिकच्या मॅनेजरने मला बोलावलं. ती केस आता दुसऱ्याकडे दिली आहे, फॅमिलीची इच्छा आहे, म्हणाला. खलास. तो वाईट माणूस नाही. पण मी बोलत असताना तो कॉम्प्युटरकडे बघत होता.

मदामचा मला एकदा फोन आला. त्या कैरोला परत निघाल्या होत्या, हट्टाने. तिथल्या एका शेजारणीच्या भरवशावर. विमानतळावर खुर्ची घेणार नाही, चालणार, म्हणाल्या, आणि चालल्याही. त्या उतरल्यावरचा व्हिडिओ शेजारणीने मला पाठवला. वॉकर नव्हता, साधी काठी होती. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे, कुणी कापलेला नाही.

या वर्षी त्या गेल्या. इथल्या अरबी पेपरात भाच्याच्या तोंडची वाक्यं आली. सगळ्या मोहाकडे पाठ फिरवून मावशीने शेवटची वर्षं शांततेत घालवली, वगैरे. मी त्याला फोन केला. सांत्वनाचे दोन शब्द बोलले, तेवढं करायलाच हवं. मग म्हटलं, त्यांनी पाठ फिरवली नव्हती, तुम्ही खोटं छापलंत.

 तो म्हणाला, "सिस्टर, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

नर्सला सिस्टर म्हणतात, मी नर्स नाही, हेही मी त्याला ऐकवलं. फोन ठेवून मी क्लिनिकच्या कामाला लागले. बाहेर एक बहारीनी बाई खांद्याच्या व्यायामासाठी थांबली होती. तिला टेबलावर घेतलं, तर पेपरात त्या गेल्याचं वाचून तीही तेच म्हणाली, बिचारीने वेळेवर तौबा केली, अल्ला तिला माफ करो. मी तिचा हात वर उचलून धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कारकून बाप, आजार, रुमाल, माइक. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. पण तिचा हात माझ्या हातात होता, आणि सगळं सांगून होईपर्यंत मी तो खाली ठेवला नाही.