एक गुडघा, तीन दवाखाने आणि कामणचे खड्डे

ताईचा फोन आला, "गुडघा वाकतच नाय रे. यंदा वाडी खंडानं देऊन टाकते, दुसरा कुनी कसंल." लग्न होऊन नंदाखालला गेल्यापासून ही घरामागची भाजीची वाडी तिने स्वतः खुरपली आहे. मी डॉक्टर नाही, दहावीपुढे शिकलो नाही. पण आठवडाभर वाचून गुडघ्याच्या सगळ्या इंजेक्शनांची तुलना केली आणि शनिवारी फुलपाड्याहून गाडी काढली. घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन हीच फेरी मारणार असाल, तर वाचा.

नंदाखालहून ताईला घेतलं. पहिला दवाखाना विरार पश्चिमेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "स्टेरॉइड देऊन टाकू." साखरेचं विचारलंच नाही! मी विचारायला लावलं, तर ताई म्हणते, "नाय मला साखर."

"अगं, रोज गोळी घेतेस ना?"

"घेते म्हनूनच नाय ना!"

स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते, हे मी सांगायचं? "तुम्ही लोक गूगल वाचून येता," डॉक्टर म्हणाले. येतो! तुम्ही विचारत नाही म्हणून येतो. उठलो.

वसईतल्या दुसऱ्याने जेल, म्हणजे सांध्यात सोडायचं वंगण, आणि पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेलं इंजेक्शन, यांचे गोडवे गायले. "हाडांमधली झिजलेली गादी नवी होईल." लेखी द्या म्हटलं, तर पुढच्या पेशंटला हाक! आणि भाव आधी पक्का करा. बाहेर एक सांगतात, आत दुसरा.

मग कामण. गोदामांचे ट्रेलर, आणि रस्ता म्हणावं तर लाज वाटेल असे खड्डे. "हळू चालव रे, चांगला गुडघाबी घालवशील!" ताई ओरडली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी फाईल बाजूला सारली, ताईचा गुडघा दोन्ही हातांत धरून वाकवला. "दिवसभर काय करता?" ताई वाडीबद्दल जी सुरू झाली, ती थांबेचना. बाईंनी साफ सांगितलं, गेलेली गादी कुठलीच सुई परत आणत नाही. स्टेरॉइडने काही आठवडे दुखणं दबेल, तेही साखर सांभाळून. बाकीची दोन कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. आधी मांडीचे व्यायाम, आणि खुरपायला बुटकं स्टूल.

"स्टुलावर बसून खुरपू? शेजारीन हसंल!"

"हसू दे. वाडी राहील ना हातात?"

ताईने जमिनीपासून हातानेच स्टुलाची उंची मोजून पाहिली. "राहील," म्हणाली.

परतताना आगाशीत भुजिंग, म्हणजे पोह्यांतलं भाजलेलं चिकन, बांधून घेतलं. अर्ध्याहून जास्त ताईनेच संपवलं.

घरी पोचलो तरी डोकं तापलेलंच होतं. बाईंचं म्हणणं माझ्या तुलनेशी जुळलं, याचं समाधान आहे. पण दुखऱ्या गुडघ्याला हात लावून बघणारं माणूस शोधायला कामण गाठावं लागलं. आधीच्या दोघांनी तर ताईकडे पाहिलंही नव्हतं; बोलत होते ते माझ्याशी.