कठड्याशी रिकामी जागा

गेल्या रविवारी कित्येक वर्षांनी शमुवेलकाका चर्चमध्ये उपासनेला आले. कुष्ठरोगाच्या दवाखान्यातून ते पूर्ण बरे होऊन परतलेत, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला ते वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले, तेव्हा त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. आमच्याकडे द्राक्षरसाचा प्याला एकच असतो, सगळे त्यालाच ओठ लावतात.

आई उठली. मी घाबरून तिचा पदर धरला. "थांब ना, नंतर जाऊ."

"कुणाच्या नंतर?" एवढंच विचारून ती काकांच्या शेजारी जाऊन बसली.

मी बाकावरच बसून राहिले. आता काकांपासून लागण होणार नाही, हे डॉक्टरांचं सांगणं डोक्याला पटतं, हातापायांना पटत नाही. पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला आणि मला काकांची आखडलेली बोटं दिसली. ती थरथरत होती. आपल्यानंतर हा प्याला कुणी घेतलाच नाही तर, ही धास्ती घेऊन हा माणूस घरून निघाला असेल.

"साहेब, मला शेवटी द्या," ते पुटपुटले.

"घ्या हो शमुवेलभाऊ लवकर," आई म्हणाली, "माझे गुडघे दुखताहेत."

ते प्यायले. मग आईने प्याला घेतला. तिच्याही हातात तो किंचित हलत होता. करुणा असलेल्या माणसांना भीती वाटत नसेल, असं मला आजवर वाटायचं.

माझी भीती गेली नाही. ती घेऊनच मी उठले आणि आईशेजारी गुडघे टेकले.