अर्धी गोष्ट मला, अर्धी मावशींना

मीनलताईंबद्दल मी लिहावं, एवढी माझी त्यांच्याशी ओळख नाही. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं आहेत, खरं तर त्यांनी लिहायला हवं. मी फक्त त्यांच्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या सिनेमात काम केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे वर्तमानपत्रात काय लिहितात, कसं लिहितात, हे विचारायलाही कुणी नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण त्या गेल्याला दीड महिना झाला, आणि आता गप्प राहवत नाही...

मालाडच्या आमच्या कॉलेजात त्या स्वतःचा सिनेमा दाखवायला आल्या होत्या. त्यांचे तिन्ही सिनेमे असेच फिरले. कधी कॉलेज, कधी वाचनालय, कधी कुणाच्या सोसायटीचा हॉल. थिएटर एकालाही मिळालं नाही. मधल्या काळात त्या अंधेरीतल्या छोट्याशा ऑफिसात जाहिरातींचं एडिटिंग करत आणि पुढच्या सिनेमाची जुळवाजुळव करत. त्या दिवशी शेवटपर्यंत मोजकीच मुलं बसली होती. मी घाबरत विचारलं, "मॅडम, यातली माणसं एवढी गप्प का?"

"तुझ्या घरी फार बोलतात का रे?" त्या म्हणाल्या. "आणि मॅडम नको, ताई म्हण."

पंधरवड्याने त्यांचा फोन आला. नवा सिनेमा माणसाच्या मनाबद्दलचा होता. दहिसरच्या चाळीतली एक खोली, थोरला मुलगा वारलेला, मागे उरलेली आई आणि धाकटा. धाकटा मी. आई झाल्या होत्या सुलभामावशी, मूळच्या मालवणच्या, गिरणी कामगारांच्या नाटकांत उभी हयात घालवलेल्या. ताईंची पद्धत अशी, की पूर्ण गोष्ट नटांना सांगायचीच नाही. सकाळी एकेकाला जिन्यात नेऊन त्याच्यापुरतं सांगायच्या आणि दुसऱ्याला कळता कामा नये, असं बजावायच्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भावामागोमाग आईही गेलीय. तुला दिसते, पण ती नाहीये. तिच्याकडून उत्तराची वाट बघायची नाही."

मी तसंच वागलो. मावशींनी ताट पुढे ठेवलं तरी नजर उचलायचो नाही. त्याही मला ओलांडून भिंतीशी बोलल्यासारखं बोलायच्या. मला वाटायचं, काय काम करतात बाई, हुबेहूब मेलेल्या माणसासारखं!

शेवटी शेवटी ताई जिना चढताना मध्येच थांबायच्या. "ताई, डॉक्टरला दाखवा ना," मी म्हटलं. "शेवटचा सीन होऊ दे रे. मग तूच ने मला."

त्या सीनच्या दिवशी मी आणि मावशी चाळीत पोचलो, तर खोलीला कुलूप. आदल्या संध्याकाळी ऑफिसातच ताईंचं हृदय बंद पडलं होतं.

स्मशानाबाहेरच्या बाकावर बसलो असताना मी मावशींना विचारलं, "तुम्ही तर मेलेल्या होतात. मग शेवट काय असणार होता?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी मेलंय? अरे मेल्या, माका तर तिणा सांगल्यान, तूच मेलंस म्हणान!"

आम्ही तिथेच हसलो, लोक वळून बघायला लागले. मग मावशींना रडू आवरेना. आमच्यातलं जिवंत कोण, हे सांगणारीच आत जळत होती... सबंध सिनेमाभर मी जिवंत होतो की मेलेला, हेच मला ठाऊक नव्हतं. वेड्यासारखं वाटेल, पण त्या प्रश्नाने मला अभ्यास सुचेना, जेवण जाईना.

पूर्ण गोष्ट माहीत होती ती फक्त एडिटर रफिकभाईंना. ते कुणाचाच फोन उचलत नव्हते. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून केला. मी आधी तेच विचारलं.

"अरे यार, थोरला सोडला तर मेलं कोणीच नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही दोघं जिवंत. एका खोलीत राहून एकमेकांना मेलेलं धरून चाललेले. शेवटच्या दिवशी मीनल मावशींना सांगणार होती, तुला नावाने हाक मार. आणि तू ओ द्यायचीस. बस, एवढंच शूट राहिलं. आता सिनेमा बंद."