हंसाबाई आणि रुपीचा डावा कान

पुसदपासून दोन कोसांवर, डांबरी सडक सोडून आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागायचा. हंसाबाई तिथली. तिला सकाळी आनंद झाला, तर दुपारपर्यंत तो सगळ्या तांड्याला झालेला असे. राग आला तर तोही. कुणाचं मूल तापलं, की त्याच्या आईच्या आधी हिचे डोळे भरत. लोक तिच्यावर जीव टाकत. फक्त तिला काही सांगत नसत.

नवरा रामधन अगदी उलट. त्याचं बोलणं बैलांशी जास्त, माणसांशी कमी. "विहिरीत पडलेली बादली निघन, पन याच्या मनातलं नाही निघत," असं हंसाबाई कुणालाही सांगायची. (घरातलं बोलणं गोरबोलीत चाले, इथं ते वऱ्हाडीत सांगतो. 'याडी', म्हणजे आई, एवढा शब्द तसाच ठेवलाय.)

त्यांना एकच मुलगी, रुपी. सात वर्षांची असताना तिचा कान फुटला, महिनाभर वाहिला, आणि डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं. पण पोरगी हुशार. चालताना, बसताना समोरच्याला ती बरोबर आपल्या उजव्या बाजूला घ्यायची. तांड्याबाहेरच्या कुणाला कधी शंकासुद्धा आली नाही.

१९६३ साली तुरीचं खळं उरकलं आणि दिग्रसकडच्या एका तांड्यातून रुपीला मागणी आली. मुलगा उत्तमसिंग, त्याचा बाप भावसिंग. पाहुणे यायचा दिवस ठरला आणि हंसाबाई शेजारणींकडे खेपा घालू लागली. कानाचं सांगायचं की नाही? शेजारणी म्हणाल्या, आधी लग्न होऊ दे, मग काय कळायचं ते कळेल. तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पाहू." दुसऱ्या दिवशी बैल पाहायला बाजारात जातो म्हणून निघाला आणि दिवेलागणीला रिकाम्या हातानं परतला.

"बैल?"

"नाई जमला."

आठ दिवसांनी पाहुणे आले. आज तोंड उघडायचं नाही, असं हंसाबाईनं पक्कं ठरवलं होतं. ओढणीचं टोक दातात धरूनच ती दाराशी उभी होती. रुपी पाणी घेऊन आली. भावसिंग तिच्या डाव्या हाताला बसला होता. तो काही पुटपुटला. रुपी झटकन वळली, त्याला उजवीकडे घेतलं आणि हसून म्हणाली, "काय म्हनलं, बापू?"

ते वळणं हंसाबाईनं पाहिलं आणि दातातली ओढणी सुटली.

"तिले डाव्या कानानं आयकू येत नाही! आताच सांगते. मांगून म्हनू नका का फसवलं."

ओसरीवरच्या दहा-बारा माणसांच्या माना रुपीकडे वळल्या. रुपीनं तांब्या खाली ठेवला आणि मान खाली घालून आत गेली.

भावसिंग मात्र हसायला लागला. "बाई, आमाले मालूम हाये. तुमचा मालक आठ दिवसांआंधी घरी येऊन सांगून गेलता. म्हने, हे आयकून यायचं असन तरच या. म्हनूनच तं आलो!"

हंसाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. रामधन छपराचे वासे मोजत होता.

गूळ वाटला गेला, सोयरीक पक्की झाली. पाहुण्यांची गाडी वळणाआड जाताच हंसाबाई आत धावली. रुपी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी खरंच बोलली न, बेटा?"

"खरंच बोलली," रुपी म्हणाली. "पन कान माहा होता, याडी. सगळ्या ओसरीसमोर काहून सांगतलं? बानं मले आंधी इचारलं, सांगू का म्हनून. मी हो म्हनली, तवा तो गेलता."

"तुमी दोघायनं ठरवलं? अन् मले कोनीच नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं म्हंजे तांड्याले सांगतलं."

हे मात्र हंसाबाईला लागलं. ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. तांडा घाबरला. तांड्याच्या नायकाच्या बायकोनं काढा करून आणला. एका म्हातारीनं तर मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली.

चौथ्या दिवशी दोघं नवरा-बायको कापसाच्या शेवटच्या वेच्याला गेली. बांधावर भाकर सोडताना रामधनच्या तोंडून शब्द फुटले.

"बैलाचं मी खोटं सांगतलं. चुकलं माह्यं. त्यायनं नाई म्हनलं असतं तं तू रडली असती. तुह्यं रडनं मले पाहवत नाही."

हंसाबाईनं हातातला तुकडा खाली ठेवला. "लगन होऊन वीस वर्सं झाली. हे आज सांगून राह्यले तुमी?"

"हो."

"आनखी काय काय लपवलं?"

रामधननं बराच विचार केला. "तुह्या कढीत मीठ जास्त असते."

हंसाबाई इतकी हसली, की पलीकडच्या वावरातल्या बाया वेचणी थांबवून पाहू लागल्या.

संध्याकाळी रुपी आपल्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे टाकत होती. हंसाबाई तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"तुह्या कानाचं सांगाचं का नाही, हे तू ठरवाचं होतं. मी चुकली."

रुपीनं सुई थांबवली. मग जवळ सरकून तिच्या कानात उत्तमसिंगबद्दल काहीतरी बोलली. "पन हे कोनाले सांगू नको हं, याडी."

पुढचे तीन महिने हंसाबाईला फार जड गेले. ती पार शेवटच्या झोपडीपर्यंत जायची, शेळ्यांचं बोलायची, कापसाचं बोलायची, आणि तोंडावर हात दाबून परत यायची. वैशाखात लग्न झालं. लेकीला निरोप देताना ती गळा काढून रडली. ते रडणं अडवणारं कुणी नव्हतंच. रामधन गाडीच्या बैलांना गोंजारत उभा होता. तोही रडत होता, पण बैलांकडे तोंड करून.

रुपीनं कानात काय सांगितलं होतं, ते तांड्यात आजवर कुणाला कळलेलं नाही. बायांनी फार खोदून विचारलं. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि हळूहळू आपापलं मन हंसाबाईपाशी मोकळं करायला लागल्या. दहातल्या सहा गोष्टी तिच्या पोटात टिकत. उरलेल्या चार सुटल्याच, तर ती स्वतःच धावत जाऊन सांगायची, "बाई, निंगालं वं माह्या तोंडून, शिव्या दे मले." आणि ती बाई शिव्या द्यायची, मग दोघी चहा प्यायच्या.