उसनी आणलेली लेकरं

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यावर काहून टेकलीस पाहुण्यासारखी? मास्तरीण झाल्यापासून आजीकडं दोनदा आलीस, अन् दोन्ही बारी चहा उभ्यानंच. शाळेचा पट घसरला म्हणून मघाशी तुझे डोळे भरून आले, तवा मला माझं जुनं आठवलं. ऐकूनच जा.

बाहत्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्सं झाली असतील. जिल्हा तवा परभणी. कुरुंद्याच्या अलीकडं आपलं गाव. शाळा म्हणजे चावडीची एक खोली, एक गुरुजी, अन् एका फळ्यावर रेघा मारून केलेले चार वर्ग. गुरुजी आपल्याकडं जेवायचे. मला अक्षर येत न्हवतं. भाकरी वाढताना एखादं विचारून घ्यायची अन् चुलीच्या राखेत गिरवायची.

माघात हळद शिजायला लागली की शाळा ओस पडायची. कुणाचं लेकरू कढईखाली जाळ घालायला, कुणाचं वाळवण राखायला. अशातच कागद आला, साहेब पट मोजायला येऊन राहिलेत. गुरुजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, "वैनी, पोरं कमी दिसली तर शाळा उठली. माझी बदली होईल. तुमच्या पोरींचं काय?"

माझ्या दोन पोरी त्या शाळेत होत्या, तुझी माय त्यातलीच एक. पोरींना कुरुंद्याला कोण धाडणार होतं? घरोघर फिरले. एकीनं तोंडावर सांगितलं, एक दिवसाची शाळा आमची हळद शिजवती का.

मग माझ्याच डोक्यात आलं. हळदीची कढई आमी एकमेकींची उसनी आणायचोच, तशी लेकरं का आणू न्हाई? ओढ्यापलीकडं तांडा होता. तिथली एक बाई आमच्याकडं हळद काढायला यायची, तिचीबी कढई आमी नेत असू. तिला म्हणलं, आठ दिवस तांड्यातली लेकरं दे. ती हसली. "परत देशील न्हवं? तुमी कढई नेता अन् पोचे पाडून देता."

लेकरं आली. गुरुजींनी सगळ्यांची नावं पटावर चढवली. त्या बाईची पोरगी आठ-नऊ वर्सांची. आठ दिवसांत तिनं एवढं उचललं की साहेबानं विचारल्यावर फळ्यापाशी जाऊन स्वतःचं नाव लिहिलं. साहेब खूश. शाळा वाचली. मी लेकरांना गूळ-शेंगदाणे वाटले, मला लई मोठं काम केल्यासारखं वाटलं.

बाकीची लेकरं गेली ती गेली. ती पोरगी मात्र रोज येत राहिली, पार पावसाळ्यापर्यंत. मग ओढ्याला पाणी आलं अन् तिचं येणं थांबलं. म्हणून तांड्याच्या लोकांनी स्वतःची शाळा मागितली, तालुक्याला, वसमतला खेटे घातले. जवाब मिळाला, तुमची लेकरं त्या गावच्या पटावर हायेत, दुसरी शाळा कशाला?

ती बाई माझ्या दारात आली. भांडली न्हाई. एवढंच बोलली, "कढई परत येत होती बाई. लेकरं तुमच्याच वहीत राहिली."

मी गुरुजींना म्हणलं, नावं खोडा. ते ताटाकडं बघत म्हणाले, खोडली तर खोटं उघडं पडंल अन् ही शाळाबी जाईल. माझ्या पोरी तिथंच कोपऱ्यात पाटीवर बेरजा करून राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, अन् गप बसले. तवा गप बसले ते बसलेच गं.

ओढा माझ्या गुडघ्यापर्यंत उतरला की मी तांड्यात जायची, राखेतली अक्षरं त्या पोरीला शिकवायची. पण माझीच बाराखडी अर्धी. ती चार दिवसांत माझ्या पुढं गेली, अन् मला पुढचं येईना. दिवाळीनंतर तिचं घर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं. पुढच्या सालीबी गेलं. पुढं तिचं लगीन लावलं.

आता ती माहेरीच येऊन राहिलीय, तिचेबी केस पांढरे झालेत. परवा बाजारात भेटली. नाव लिहिता येतं का अजून, हे विचारायला माझं तोंड उघडलं न्हाई. तीच म्हणाली, "नात मास्तरीण झाली म्हणं तुमची. एकदा आणा की दाखवायला."

मला एकटीला त्या दारात जायला पाय उचलत न्हाई गं. तू संगं असलीस तर जाईन. हळद निघायच्या आत परत ये, अन् त्या बारी मुक्कामाला ये.